पाळण्यापासून प्रेमापर्यंतची वळणाची वाट

अनुबंध : लेखांक ४

मागच्या लेखात आपण मेरी एन्सवर्थ यांच्या बाल्टिमोरमधल्या प्रयोगाच्या खोलीत होतो. वर्षाचं मूल खेळत असतं, आई दोनदा उठून बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते, आणि ती परतल्यावर मूल काय करतं ते काचेआडून टिपलं जातं. आईला बिलगून, रडून, शांत होऊन पुन्हा खेळाकडे वळणारं मूल सुरक्षित अनुबंधाचं. आई आली तरी तिच्याकडे पाठ करून खेळण्यात डोकं घालणारं मूल टाळणारं. आणि उचलून घेतलं तरी धुसफुसणारं, आईला सोडतही नाही आणि तिच्यापाशी निवतही नाही, असं मूल द्विधा.

वीसेक मिनिटांच्या या प्रसंगाचा वीस वर्षांनंतरच्या प्रेमाशी काय संबंध? आजचा लेख एवढ्याच प्रश्नाचा आहे.

१९८७ साली सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली होती. जवळच्या नात्यात माणसं कशी वागतात याची तीन वर्णनं तिच्यात होती. आपल्याला लागू पडेल ते वाचकाने निवडायचं. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी सुरक्षित वर्णन निवडलं, साधारण पाव लोकांनी टाळणारं आणि उरलेल्यांनी सतत धास्तावलेलं. तान्ह्या मुलांत आढळलेलं प्रमाणही जवळपास असंच होतं. प्रौढांच्या अनुबंधावरचं संशोधन तिथून जोमाने सुरू झालं. आज मोबाइलवर ‘तुमची अ‍ॅटॅचमेंट स्टाइल ओळखा’ म्हणून ज्या चाचण्या फिरतात, त्यांचं मूळही तिथेच आहे. पण त्या वाचकांचं बालपण कुणी पाहिलेलं नव्हतं. आठवलेलं बालपण आणि घडलेलं बालपण यांत अंतर असतं. म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीवरून ‘आईमुळे मी असा झालो’ असं ठरवून मोकळं होणं मला त्या आईवरही अन्याय वाटतं आणि स्वतःवरही.

बालपण प्रत्यक्ष पाहिलं गेलं ते मिनेसोटात. १९७५ च्या सुमारास बायरन एगलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिसच्या सार्वजनिक दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या २६७ गरीब पहिलटकरणींना एका अभ्यासात सामील करून घेतलं. पुढे अ‍ॅलन स्रूफ त्यांच्या जोडीला आले. बऱ्याच जणी विशीच्या आतल्या होत्या, बऱ्याच अविवाहित. मूल पोटात असल्यापासून निरीक्षण सुरू झालं. आई बाळाला दूध कसं पाजते हे घरी जाऊन पाहिलं. बाराव्या आणि अठराव्या महिन्यात एन्सवर्थ यांची पद्धत वापरून मुलांना पारखलं. मग बालवाडी, शाळा, उन्हाळी शिबिरं, सोळाव्या वर्षी जिवलग मित्राबद्दलची मुलाखत, आणि विशीत प्रियकराला किंवा प्रेयसीला सोबत घेऊन प्रयोगशाळेत येणं. मूल मोठं होत असताना त्याच्या बाजूला इतकी वर्षं चिकाटीने उभं राहिलेलं संशोधन फार थोडं आहे.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग बालवाडीतला आहे. विद्यापीठाने या मुलांपैकी काहींसाठी खास बालवाडी चालवली. कोणतं मूल तान्हेपणी कोणत्या गटात होतं, हे तिथल्या शिक्षिकांना माहीत नव्हतं. तरीही चित्रफिती तपासल्या तेव्हा दिसलं की त्याच शिक्षिका वेगवेगळ्या मुलांशी वेगवेगळं वागत होत्या. सुरक्षित अनुबंधाच्या मुलाशी त्या मोकळेपणाने, आपुलकीने बोलत. सांगितलेलं ते ऐकेल असं धरूनच चालत. द्विधा मुलाला त्या कुरवाळत, त्याचे नियमभंग पोटात घालत, लहान बाळासारखं सांभाळत. आणि टाळणाऱ्या मुलावर त्यांचा जास्त वचक असे, रागावणंही त्याच्याच वाट्याला येई.

या शिक्षिका काही वाईट नव्हत्या, हे इथे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. चार वर्षांचं मूल जगाविषयीची एक अपेक्षा घेऊन वर्गात आलं होतं. ज्याला घरी दुर्लक्षाची सवय झालेली, ते आधीच फटकून वागतं. फटकून वागणाऱ्याला समोरचा माणूस दूर ठेवतो. आणि मुलाची खात्री पटते की माणसं अशीच असतात. पहिल्या वर्षाचा परिणाम मेंदूत कुठेतरी गोठून बसत नाही, तो रोजच्या देवाणघेवाणीत नव्याने तयार होत राहतो. टाळणारा नवरा आणि सतत खात्री मागणारी बायको यांच्यातलं भांडण ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना ही यंत्रणा ओळखता येईल. ती जितकी विचारते तितका तो मिटतो, आणि तो मिटला की ती आणखी विचारते.

आता ही मुलं विशीत आल्यावर काय झालं ते पाहू. जेफ्री सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली त्यांपैकी ७८ जणांची कहाणी मांडली. वर्षाचं असताना जे मूल सुरक्षित होतं, ते पहिली ते तिसरीत शिक्षकांच्या मते इतर मुलांत अधिक सहज मिसळत होतं. जे सहज मिसळत होतं, त्याची सोळाव्या वर्षीची मैत्री अधिक भरवशाची होती. आणि ज्याची मैत्री भरवशाची, त्याच्या प्रेमसंबंधात विशी उलटल्यावर आनंदाच्या भावना अधिक होत्या. पाळण्यातून निघालेली वाट शाळेच्या बाकावरून आणि मित्राच्या घरावरून गेली, थेट गेली नाही. वाटेत इतके थांबे असतील तर दिशा बदलायलाही तितक्याच जागा असतात.

ती बदलते याचा पुरावा मिनेसोटातूनच आला. २००० साली दोन पाहण्या शेजारी-शेजारी छापल्या गेल्या. एव्हरेट वॉटर्स यांनी मध्यमवर्गीय घरांतल्या ६० बाळांपैकी ५० जणांना वीस वर्षांनी गाठलं, तेव्हा ७२ टक्के लोकांचा सुरक्षित-असुरक्षित गट तोच राहिला होता. मिनेसोटाच्या गरीब गटात मात्र एकोणिसाव्या वर्षी असं सातत्य दिसलं नाही. दोन्ही खरं आहे. घरातलं आयुष्य स्थिर असेल तर अनुबंधही टिकतो. आजारपण, मृत्यू, घटस्फोट, आईचं नैराश्य यांनी घर हलवलं तर अनुबंधही हलतो. वॉटर्स यांच्या अभ्यासातही गट बदललेल्यांत असे आघात सोसलेले अधिक होते. ज्या आईच्या डोक्यावर भाड्याची आणि उद्याच्या जेवणाची चिंता आहे, तिच्या ‘संवेदनशीलते’ची चर्चा तिच्या परिस्थितीला वगळून करता येत नाही.

मिनेसोटातल्या मुलांपैकी जे विशीत जोडीदारासह प्रयोगशाळेत आले, त्या तरुण जोडप्यांना आधी मतभेदाच्या विषयावर बोलायला लावलं होतं आणि मग काही मिनिटं, दोघांचं ज्यावर पटतं त्या विषयावर. जेसिका साल्वाटोर आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. पाहायचं होतं ते भांडणातून बाहेर येणं. तान्हेपणी सुरक्षित असलेली माणसं वाद संपला की सहज पुढे जात. इतर काही जण पुन्हा तिथेच घुटमळत, टोमणे मारत. पण ज्या असुरक्षित माणसाचा जोडीदार भांडण मागे सोडून देऊ शकत होता, ते जोडपं दोन वर्षांनी एकत्र असण्याची शक्यता अधिक होती. बालवाडीतल्या शिक्षिका मुलाच्या अपेक्षेबरहुकूम वागल्या होत्या. हा जोडीदार तसं वागत नाही. टोमण्याला टोमणा मिळत नाही, दारही आपटलं जात नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक उणीव जाणवेल. या सगळ्या मोजमापात भर आईवर आहे. आजी, आत्या, शेजारची काकू कुठेच दिसत नाही. एन्सवर्थ यांनी आधी युगांडात काम केलं होतं आणि बाळं एकाहून अधिक माणसांशी बांधली जातात हे त्यांनी तिथे नोंदवलंही होतं. मला वाटतं, ती नोंद पुढे मागे पडली आणि सारं ओझं आईवर आलं.

आईपलीकडच्या माणसांचं मोल मात्र मिनेसोटातही दिसलं. तिथल्या आयांपैकी काही जणींनी स्वतःच्या लहानपणी मार खाल्ला होता, छळ सोसला होता. त्यांतल्या काही जणींनी मात्र आपल्या मुलांवर हात उगारला नाही. १९८८ साली एगलँड यांनी या दोन गटांची तुलना केली. ज्यांनी ती साखळी तोडली, त्यांच्यात तीन गोष्टी अधिक आढळल्या : लहानपणी छळ न करणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचा भावनिक आधार, आयुष्यात कधीतरी घेतलेले मानसोपचार, आणि आज सोबत असलेला स्थिर, समजून घेणारा जोडीदार.

पुढच्या लेखांकात पाळणाघराविषयी. आई कामावर जाते म्हणून अनुबंध तुटतो का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा पाठपुरावा झाला. त्यात काय सापडलं ते पाहू.