कोंबातलं विष विळीवर तयार होतं

पावसाळा लागला की कणकवलीकडे बांबूच्या बेटात कोंब फुटतात आणि भाजीसाठी घरी येतात. ‘‘बारीक चिरून रातभर पाण्यात ठेवा, कडूपणा जाता,’’ असं जाणती माणसं सांगतात. सल्ला चोख आहे, कारण मात्र अर्धंच. कडूपणाबरोबर सायनाइडही जातं.

हे कळलं की काहींना कोंब म्हणजे सायनाइडची कुपीच वाटू लागते. तसं नाही. सुरुवात होते टायरोसिन या अमिनो आम्लापासून, जे आपल्या डाळीत आणि दुधातही असतं. बांबूच्याच गवतकुळातल्या ज्वारीत यापुढची साखळी नीट उलगडली आहे. एक विकर टायरोसिनच्या नायट्रोजनवर ऑक्सिजन चढवून त्याचं रूप पालटतं, दुसरं ते पुढे नेतं, तिसरं त्याला साखर जोडतं. ज्वारीत यातून धुरिन होतं, बांबूत टॅक्सिफायलिन. दोन्हींत अणू तेच, फक्त एका ठिकाणची मांडणी उलटी. हा साठा पेशीच्या एका कप्प्यात असतो आणि तो फोडणारं विकर त्यापासून वेगळं. अळीने कुरतडलं किंवा विळीने चिरलं की दोघांची गाठ पडते. हायड्रोजन सायनाइड सुटतं ते तेव्हा.

हे खरंच झाडाच्या संरक्षणासाठी असतं का? २००१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ज्वारीतल्या या तीन विकरांची जनुकं मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात घातली. एरवी त्यावर ताव मारणारे भुंगेरे त्या रोपट्याला टाळू लागले.

‘कोवळा चारा तेवढा चांगला’ हा समज फोंडाघाट चढून वर ज्वारीच्या मुलखात गेलं की महागात पडू शकतो. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या ज्वारीत धुरिन जास्त असतं. ती चरलेल्या गुरांना ‘किराळ लागते’ ती यामुळेच. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावं. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं.

आता भाजीचं. अख्खा कोंब भिजत घालून फारसं साधत नाही, कारण पेशी फुटत नाहीत. पातळ चिरायचा. टोकाकडे विषाचा अंश बुडापेक्षा जास्त, म्हणून कोवळा शेंडा ‘नुसताच’ तोंडात टाकू नये. टॅक्सिफायलिन उकळताना मोडतं, ही आपली सोय. पण हायड्रोजन सायनाइड २६ अंशांच्या आसपासच उकळून वाफ होतं, तेव्हा ते बाहेर जायला भांडं उघडं हवं. ‘उकळल्याचं पाणी ओतून टाकलं तर सत्त्व जातं’ म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे, काही जीवनसत्त्वं जातात. जाऊ द्यावीत. ते पाणी आमटीत घालायचं नाही.