रस्त्यावरचा रामराम

गोमंतकातील खेडेगावात दोन माणसे वाटेवर समोरासमोर आली आणि एकमेकांस काही न बोलता निघून गेली, तर ती गोष्ट आजही थोडी खटकते. ओळखीचा माणूस असेल तर रामराम म्हणावयाचा, अर्धवट ओळखीचा असेल तर "खंय वता?" असे विचारावयाचे, ही तेथील जुनी रीत. या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. तुम्ही दिसलात, तुमची नोंद घेतली, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. माणूस पायी चालत होता तोवर ही रीत सांभाळणे सोपे होते. पुढे तो मोटारीत बसला. मध्ये काच आणि पत्रा आला, वेग आला. तेव्हाच हा रामराम संपावयाचा; परंतु तो संपला नाही, त्याने रूप तेवढे पालटले. शब्दाच्या जागी सुकाणूचक्रावरून उचललेला हात आला, हॉर्नचा आखूड आवाज आला, दिव्यांची उघडझाप आली. त्याबरोबर एक नवलाची गोष्टही घडली. माणूस अनोळखी असला, तरी त्याची गाडी आपल्याच जातीची दिसली म्हणजे नमस्कार होऊ लागला.

जीपवाला जीपवाल्यास हात करतो, बुलेटवाला बुलेटवाल्याकडे पाहून मान लववतो, एस. टी.चा चालक समोरून येणाऱ्या एस. टी.स हात वर करून पुढे जातो. युरोपात फोक्सवॅगन आणि सित्रोएनच्या लहान मोटारी हाकणारांत हीच चाल होती. आज ही चाल मंदावत चालली आहे. पेडण्याच्या हमरस्त्यावर किंवा डिचोलीच्या बाजारात एकाच बनावटीच्या दोन मोटारी एकमेकींजवळून जातात, आणि आतील माणसांचे डोळेही हलत नाहीत. असे का व्हावे? माणसे उद्धट झाली, हे उत्तर सोपे असले तरी खरे नव्हे. त्याचा उलगडा करण्यासाठी ही चाल मुळात कशातून जन्मली ते पाहिले पाहिजे.

इंग्लंडमधील एक उदाहरण येथे बोलके ठरेल. १९०५ साली तेथे ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची मोटारवाल्यांची संस्था निघाली. वेगमर्यादा मोडणारांना पकडण्यासाठी पोलीस आडोशाला दबा धरून बसत, त्यांची आगाऊ सूचना सभासदांना देणे हा तिच्या स्थापनेमागील एक हेतू होता. संस्थेचे पहारेकरी सायकलवरून रस्त्यावर फिरत आणि सभासदाच्या मोटारीवरील बिल्ला पाहून सलाम ठोकीत. १९१० च्या सुमारास न्यायालयाने ठरविले की, वेगाने येणाऱ्या मोटारवाल्यास अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. संस्थेने मग मोठी मजेदार युक्ती काढली. पुढे धोका असेल तर पहारेकऱ्याने सलामच करावयाचा नाही, आणि सलाम झाला नाही तर सभासदाने गाडी थांबवून कारण विचारावयाचे! सलाम केला नाही म्हणून कोणावर खटला कसा भरणार? बाहेरून केवळ शिष्टाचार दिसणाऱ्या या सलामाच्या पोटात एक उपयुक्त बातमी दडलेली होती. पुढे रस्त्यांवर गाड्यांची दाटी झाली आणि १९६० नंतर हा सलाम बंद पडला.

रस्त्यावरील नमस्काराचे मर्म येथे सापडते. तो वरून स्नेहाचा दिसतो, पण त्याच्या बुडाशी परस्परांच्या गरजेचा एक अलिखित करार असतो. 'आज माझी गाडी चालू आहे, उद्या बंद पडेल. तेव्हा तू थांब, मीही तुझ्यासाठी थांबेन,' असे त्या उचललेल्या हाताचे भाषांतर करता येईल.

हा करार घट्ट व्हावा अशी परिस्थिती गोव्यात विशेष होती. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत लोहखनिजाच्या निर्यातीने गोव्यात पैसा आला आणि परदेशी मोटारींची आयात होऊ लागली. मर्सिडीझची टॅक्सी हे दृश्य भारताच्या इतर भागांत दुर्मीळ असले, तरी गोव्यात अपरिचित नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे कडक नियम तेथेही लागू झाले. नव्या विदेशी गाड्यांचा ओघ आटला, आणि आहेत त्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. अशा वेळी आपल्यासारखीच गाडी कोणाकडे आहे हे ठाऊक असणे, ही मोटारवाल्याची मोठी दौलतच होती. त्याच्या मोडीत निघालेल्या गाडीचा एखादा भाग आपल्या गाडीस जीवदान देऊ शकत असे. समोरून येणाऱ्या त्याच बनावटीच्या गाडीला हात करण्यात कौतुक होते, तशी दूरदृष्टीही होती.

रस्त्याची घडणही या चालीला अनुकूल होती. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहने उजवीकडून हाकण्याचा नियम केला. परंतु शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. डावीकडून जाणाऱ्या आणि उजवीकडे चालक बसणाऱ्या दोन गाड्या अरुंद रस्त्यावर भेटल्या, म्हणजे दोघे चालक अगदी खिडकीला खिडकी लावून जातात. काच खाली असते, वेग मंद असतो, आणि चार शब्दही बोलून होतात. शिवाय वाटेत नद्या होत्या. मांडवीवर पूल होण्यापूर्वी पेडणे किंवा डिचोलीकडून बेतीमार्गे पणजीस जाणाऱ्या गाडीला फेरीबोटीसाठी धक्क्यावर थांबणे भाग पडे. गाड्या रांगेने उभ्या राहात, चालक खाली उतरत, आणि रस्त्यावरील नमस्काराचे तेथे सविस्तर संभाषण होई.

डिचोली तालुक्यात या चालीला आणखी एक रंग चढला, तो खनिजाच्या मालमोटारींमुळे. खाणीतून धक्क्यावर खनिज न्यावयाचे, तेथे ते बार्जमध्ये चढवावयाचे आणि मालमोटार पुन्हा खाणीकडे वळवावयाची, असा हा फेरा. आमोणे किंवा सारमानसच्या धक्क्याकडे भरलेली गाडी निघाली की समोरून रिकामी गाडी येणार, आणि तेच दोन चालक एकाच दिवसात अनेकदा समोरासमोर येणार. पुष्कळशा गाड्या खाणपट्ट्यातील गावकऱ्यांनी कर्ज काढून घेतलेल्या होत्या. म्हणजे समोरचा चालक बहुधा शेजारच्या वाड्यावरचाच. त्यांच्या हाताच्या खुणांत पुढे रस्ता अडला आहे की मोकळा, तपासणी चालू आहे की नाही, ही सारी बातमी असे. धूळ, अपघात आणि खचलेले रस्ते यांमुळे या वाहतुकीने गावांना त्रासही पुष्कळ दिला, हे विसरता येणार नाही. परंतु तिच्याभोवती माणसांचे एक जाळे विणले गेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे त्या काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. मालमोटारी अंगणात उभ्या राहिल्या, काही विकल्या गेल्या, चालकांनी दुसरे उद्योग धरले. २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. परंतु तुटलेले जाळे हुकूम निघाल्याबरोबर पूर्ववत विणले जात नाही.

पेडण्याची गोष्ट निराळी आहे. तेथे रस्ता थांबला नाही. तो रुंद झाला. पत्रादेवीच्या सीमेपासून येणारा महामार्ग आता दुभाजकाने दोन भागांत विभागला गेला आहे, आणि मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागल्यावर या तालुक्यातील वाहतुकीचे स्वरूपच पालटले आहे. येथे थोडे गणित करण्यासारखे आहे. जुन्या वळणावळणाच्या रस्त्यावर दोन गाड्या ताशी ३० किलोमीटर वेगाने समोरासमोर आल्या, तर त्यांतील अंतर ताशी ६० किलोमीटर या वेगाने कमी होते. ५० मीटरांवरून समोरचा चेहरा ओळखता येतो असे धरले, तर ओळखून हात करण्यास ३ सेकंद मिळतात. हाच वेग प्रत्येकी ८० झाला, म्हणजे जेमतेम १ सेकंद उरतो. त्यात मध्ये दुभाजक आणि वातानुकूलित गाडीची बंद काच! येथे नमस्कार करणाराचा उद्धटपणा आड येत नाही, भूमितीच आड येते.

दुसरे कारण संख्येचे. नवलाईच्या वस्तूला नमस्कार होतो. घरोघरी असलेल्या वस्तूला होत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार विकली गेली, आणि पाहता पाहता ती सर्वत्र दिसू लागली. प्रत्येक मारुतीवाल्याने प्रत्येक मारुतीस हात करावयाचे ठरविले असते, तर चक्रावर हात ठेवण्यास त्याला सवडच मिळाली नसती. बुलेटचीही हीच कथा आहे. २०१० च्या सुमारास तिचा कारखाना वर्षाकाठी सुमारे ५० हजार मोटारसायकली विकत असे. २०२४-२५ या वर्षात हा आकडा १० लाखांच्या पुढे गेला. पूर्वी दुरून येणारा तो घुमणारा आवाज ऐकताच स्वार सावध होई. उजवा हात वेग सांभाळण्यात गुंतलेला, म्हणून डावा हात उचलून किंवा मान लववून खूण करी. आता असा आवाज दर चार मिनिटांनी येतो.

तिसरे कारण किनाऱ्यावर दिसते. मोरजी, मांद्रे, हरमल या गावांतून काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या हिंडत असतात. त्यांत उघड्या जीपसारख्या गाड्याही पुष्कळ. पूर्वी जीप दिसली म्हणजे तिच्या चालकाविषयी काही तर्क करता येत असे: हा वाईट रस्त्यांचा माणूस, याला गाडी दुरुस्त करता येत असावी, प्रसंगी हा दोर घेऊन मदतीस येईल. भाड्याच्या जीपमधील पाहुणा परवा आला आणि उद्या जाणार. त्याची गाडी बंद पडली तर तो मालकास दूरध्वनी करील. गाडीवरून माणूस ओळखता येईनासा झाला, तेव्हा गाडीला केलेला नमस्कार माणसापर्यंत पोहोचेनासा झाला.

आणि शेवटचे, पण सर्वांत मोठे कारण म्हणजे खिशातील दूरध्वनी. पुढे रस्ता बंद आहे की काय, हे आता समोरचा चालक सांगत नाही, हातातील यंत्र सांगते. गाडी बिघडली तर कंपनीचे मदतपथक बोलाविता येते. सुटे भाग दुकानात मिळतात. थोडक्यात, ज्या कराराची खूण म्हणून हात वर होत असे, त्या करारातील एकेक कलम दुसऱ्याच कोणीतरी पैसे घेऊन पुरे करू लागले आहे. कराराचे काम संपले, तेव्हा त्याची मोहोरही पुसट होणारच.

तथापि, जेथे गरज उरली आहे तेथे नमस्कारही उरला आहे, ही गोष्ट या विवेचनास पुष्टी देते. महाराष्ट्राची एस. टी. १९४८ पासून रस्त्यावर आहे आणि गोव्याचे कदंब महामंडळ १९८० मध्ये स्थापन झाले. त्यांचे चालक आपल्या महामंडळाची गाडी समोर दिसताच अजून हात वर करतात, कारण बंद पडलेल्या गाडीतील प्रवासी मागून येणाऱ्या आपल्याच गाडीने न्यावयाचे असतात. साखळीहून सत्तरीतील केरीमार्गे बेळगावकडे जाणाऱ्या चोर्ला घाटात चढत्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा कायद्याचाही नियम आहे आणि घाटाचाही. वाट मिळाली की चढणारा हात उचलतो, मग समोरची गाडी कोणत्याही कंपनीची असो. पेडण्याच्या टोकाला केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीवर परके मोटारवालेही दोन शब्द बोलतात, कारण तेथे दोघेही सारखेच अडकलेले असतात.

म्हणून, एका कंपनीच्या गाडीने त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीस नमस्कार करणे बंद झाले, याचा फार शोक करण्याचे कारण नाही. तिच्यात थोडा आपपरभावही होता. जीपवाला जीपवाल्यासाठी थांबे, बैलगाडीसाठी थांबेलच असे नव्हते. चिंता करावयाची ती तिच्या पोटातील वचनाची. यंत्र बिघडले तर मदतपथक येते. पण माणूस रस्त्यावर जखमी होऊन पडला, तर पहिली काही मिनिटे जवळून जाणाऱ्याच्याच हाती असतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक थांबेनासे झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाराच्या संरक्षणासाठी आखलेल्या नियमांस बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घालावे लागले. अपघातग्रस्तास सद्हेतूने मदत करणारावर आता त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

पूर्वी जे एका उचललेल्या हाताने ठरत होते, ते आज कायद्याच्या कलमाने सांगावे लागते. कलम भीती दूर करू शकते, पण थांबण्याची बुद्धी देऊ शकत नाही. ती सवयीने येते, आणि सवय लहानसहान गोष्टींतून लागते. अरुंद पुलावर कोणी वाट दिली, रात्री समोरच्याने दिव्यांचा झोत खाली केला, वळणापलीकडे गुरे बसली आहेत असे कोणी खुणेने सांगितले, तर त्याला हात उचलून पोच द्यावी. त्यासाठी त्याची गाडी कोणत्या कारखान्यातून निघाली हे पाहण्याचे कारण नाही. पायवाटेवरच्या जुन्या रामरामाला तरी माणसाच्या जोड्याचा छाप कोठे पाहावा लागत होता?