मोटारसायकल, मीठ आणि आपण

महाराष्ट्रात मोटारसायकलला धुळीचा त्रास, तर आयर्लंडमध्ये मिठाचा. हिवाळ्यात रस्ते गोठू नयेत म्हणून त्यांवर मीठ टाकतात. ओलाव्यासोबत ते चेन, स्पोक आणि ब्रेकमध्ये शिरते. त्यातून इथे चार वर्षांहून जुन्या मोटारींना एनसीटी तपासणी सक्तीची, मोटारसायकलींना मात्र नाही. तेव्हा ब्रेकचे पॅड झिजलेत का, हे आपले आपणच पाहायचे.

माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ सीसीची, डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेली. विक्लोच्या डोंगरातून आलो, की इंजिन निवल्यावर ती गार पाण्याने धुतो. बेअरिंगवर जोरदार फवारा मारू नये. ग्रीस निघून जाते. आपले रॉकेल इथे घरे तापवायला वापरतात. त्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने चेन स्वच्छ होते. ती पुसून कोरडी करावी, मगच वंगण द्यावे. चाक हातानेच फिरवावे, इंजिन बंद ठेवून. नाहीतर बोटे चेनमध्ये जायची.

चाके स्पोकची, आत ट्यूब. म्हणून पुढची-मागची एकेक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप सोबत हवेतच. कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केली असेल, तर डांबरीवर येताच भरावी. टायरची नक्षी कायद्याने किमान १ मिलिमीटर लागते. पावसाळी रस्त्यावर तेवढ्यावर विसंबू नये.

नव्या सामानात पहिला खर्च हँडगार्ड आणि गरम होणाऱ्या मुठींवर करावा. थंडीने बोटे बधिर झाली, की ब्रेक उशिरा लागतो. सामानाच्या पेट्या आणि जादा दिवे त्यानंतर.