विमानतळाजवळ फायबर केबल खांबावरून नेता येते का? उंचीचा हिशेब आणि परवानगीची वाट

गावात फायबरचे खांब उतरले की दोन प्रकारची चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "इथे जवळ विमानतळ आहे, खांबाला परवानगी मिळायचीच नाही." दुसरा म्हणतो, "सात मीटरच्या खांबाने विमानाला काय होतंय? टाका बिनधास्त." दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. पहिल्याचे ऐकले तर गाव नेटविना राहते. दुसऱ्याचे ऐकले तर उभी केलेली लाईन काढायची वेळ येऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सिंधुदुर्गात हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. वेंगुर्ले तालुक्यात चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्याची धावपट्टी २५०० मीटरची आहे. पलीकडे गोव्यात, पेडणे तालुक्यात मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडतात. नियम केंद्राचा असल्यामुळे तो राज्याची हद्द बघत नाही. मोपाच्या वर्तुळात आपल्याकडचे बांदा, सातार्डा हे भागही येतात.

खांबावरूनच का?

फायबर जमिनीखालून नेणे केव्हाही जास्त सुरक्षित. भारतनेटच्या कामात चर साधारण १.६५ मीटर खोल धरलेली असते. पण आपल्याकडे सड्यावर हातभर माती गेली की जांभा लागतो. कातळ फोडून किलोमीटरभर चर मारायची म्हणजे खर्चही वाढतो आणि दिवसही. पावसाळ्यात तर काम थांबतेच. म्हणून खांबावरून केबल नेण्याचा मार्ग निवडला जातो.

खांबावरची केबल मुख्यतः दोन प्रकारची असते. एकीत केबलबरोबर आधाराची पोलादी तार जोडलेली असते. दुसरीत धातू अजिबात नसतो. आत काचेचे तंतू आणि ताण सोसायला अरामिड नावाचा चिवट धागा. ही केबल स्वतःचे वजन स्वतःच पेलते, शिवाय वीजवाहक नसल्याने विजेच्या खांबावरून न्यायला सोयीची पडते.

केबलमुळे विमानाच्या यंत्रणेत अडथळा येतो का?

नाही. फायबरमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे विमानाच्या संपर्क यंत्रणेशी तिचा झगडा नाही. उलट विमानतळाच्या स्वतःच्या कामालाही अशाच केबल लागतात. धातूचे खांब आणि पोलादी तार मात्र दिशादर्शक यंत्रणेच्या अगदी जवळ आल्या तर लहरी परावर्तित करू शकतात, म्हणून तिथे वेगळी तपासणी होते. बाकी ठिकाणी मुख्य प्रश्न एकच, तो म्हणजे उंची.

उंचीचा हिशेब

विमानतळाभोवतीच्या आकाशात काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. त्यांच्या वर काही डोकावले की तो अडथळा. उपकरणांच्या आधारे विमान उतरवण्याच्या, चिपीएवढ्या लांबीच्या धावपट्टीसाठी आंतरराष्ट्रीय मानकाचा ढोबळ हिशेब असा :

- धावपट्टीच्या टोकासमोर : टोकापासून ६० मीटरवर पृष्ठभाग सुरू होतो आणि दर ५० मीटरला १ मीटर चढतो. पुढे जाताना तो रुंदही होत जातो. जमिनीवर ७ मीटर दिसणारा खांब टोकापासून निदान ४१० मीटर लांब हवा.
- धावपट्टीच्या बाजूला : मध्यरेषेपासून १४० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा, त्यानंतर ७ मीटर अंतराला १ मीटर चढ. तोच खांब मध्यरेषेपासून निदान १८९ मीटरवर हवा.
- आजूबाजूला साधारण ४ किलोमीटरपर्यंत : विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर सपाट छत धरलेले असते. त्यापुढे छत हळूहळू वर जाते.

हे आकडे जमीन धावपट्टीच्या पातळीत आहे असे धरून आहेत. आपल्याकडे जमीन तशी कुठे असते? एक उदाहरण घेऊ. समजा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६० मीटरवर आहे, म्हणजे छत १०५ मीटरवर. खाली वाडीत जमीन २० मीटरवर असेल तर खांबाचे टोक २७ मीटरवर येते आणि वर ७८ मीटर मोकळे राहतात. तोच खांब १०० मीटरच्या टेकडीवर उभा केला तर टोक १०७ वर जाते, म्हणजे छताच्या २ मीटर वर. खांब तोच, पण एक चालतो आणि दुसरा चालत नाही. म्हणून अर्जात नुसती खांबाची उंची देऊन भागत नाही. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती क्रेनची. ७ मीटरचा खांब ४१० मीटरवर चालेल, पण तो उभा करणाऱ्या क्रेनचा हात १४ मीटर वर गेला तर तिला त्याच हिशेबाने ७६० मीटर अंतर लागेल. काम तासाभराचे असले तरी त्या तासात विमान येऊ शकते. अशा ठिकाणी काम कसे आणि कोणत्या वेळी करायचे हे विमानतळाशी आधी ठरवावे लागते.

परवानगी कोणाची?

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे उंचीविषयक नियम ३० सप्टेंबर २०१५ चे आहेत. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किलोमीटरच्या वर्तुळात बांधकामाच्या उंचीवर ते लागू होतात. नियमात इमारतींबरोबर इतर उभारणी आणि झाडेही येतात, हे बागायतदारांनीही लक्षात ठेवावे.

२० किलोमीटरच्या आत आले म्हणून प्रत्येक खांबासाठी दिल्ली गाठावी लागते असे नाही. ज्या विमानतळाचा रंगीत झोन नकाशा तयार आहे, तिथे नकाशातल्या मर्यादेपर्यंत स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. लाल झोनमध्ये आणि मर्यादेपेक्षा उंच कामाला मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. दाबोळीसारखा विमानतळ नौदलाचा असेल तर दाखलाही नौदलाचा. नियम मोडून उभारलेला अडथळा नोटीस देऊन काढून टाकण्याची तरतूद कायद्यात आहे.

दुसरी परवानगी रस्त्याची किंवा जागेची. दूरसंचाराचे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून नवीन आहेत. सरकारी जागेसाठी अर्ज ऑनलाइन जातो. खासगी जमिनीत खांब येत असेल तर मालकाशी करार करावा लागतो. खांब आला म्हणून जमिनीची मालकी जात नाही, पण करार लेखी घ्यावा.

वाट कशी काढतात?

अनुभवी ठेकेदार आधी नकाशावर धावपट्टीची दोन्ही टोके बघतो आणि टोकासमोरचा पट्टा टाळून बाजूने वळसा घेतो. वळसा शक्य नसेल तर तेवढ्याच तुकड्यात केबल जमिनीखाली उतरवतो आणि पुढे पुन्हा खांबावर चढवतो. कातळ फोडायचाच तर तो चार-पाचशे मीटर, अख्खा मार्ग नाही. विजेचे खांब आधीच उभे असतील तर वीज कंपनीच्या परवानगीने त्यांच्यावर, तारांच्या खाली, सुरक्षित अंतर ठेवून केबल लावता येते. यात उंची मुळीच वाढत नाही.

ग्रामसभेत हे विचारा

१. मार्गाचा नकाशा आहे का? त्यात धावपट्टीच्या टोकापासूनचे अंतर दाखवले आहे का?
२. सगळ्यात उंच जागेवरच्या खांबाचे टोक समुद्रसपाटीपासून किती मीटरवर येते?
३. उंचीचा दाखला लागतो की नाही? लागत नसेल तर कशाच्या आधारे?
४. रस्ता ओलांडताना केबल किती उंच राहील? उन्हाळ्यात झोळ वाढतो, पेंढ्याने भरलेला टेम्पो खालून जायला हवा.
५. पावसात फांदी पडून केबल तुटली तर दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत?

आणि तुटलेली केबल दिसली तर हात लावू नका, टोकात डोकावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. काचेचे तंतूही कातडीत घुसतात. त्यात तांबे नसते, म्हणून कापून नेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गावाचे नेट मात्र जाते, आणि त्याबरोबर शाळेचा ऑनलाइन अर्ज, सातबाराचा उतारा आणि बँकेचे कामही अडते.

थोडक्यात, विमानतळ जवळ आहे म्हणून फायबर येणार नाही, हे खरे नाही. प्रत्येक खांबाच्या जागेचा हिशेब आधी कागदावर झाला पाहिजे, एवढीच अट आहे. तो कागद ग्रामपंचायतीने खड्डा मारण्यापूर्वी मागावा, खांब उभे राहिल्यावर नव्हे.