हातपाय गरम होईपर्यंत

डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाचं विष ज्यांच्या अंगभर भिनायचं, अशा रुग्णांपैकी तेव्हा सुमारे ४० टक्के दगावत. पेंढा उपसताना, चुलीसाठी लाकडं ओढताना, गडग्याच्या दगडात हात घालताना विंचू डसायचा. रुग्ण आधी मांत्रिकाकडे, मग दवाखान्यात. पण दवाखान्यात तरी काय होतं? वेदनाशामकं, स्टेरॉइड, अॅट्रोपिन. हाताशी असेल ते देऊन बघायचं.

बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शिक्षण नागपूरला. बिरवाडीत ना प्रयोगशाळा, ना वरिष्ठांची फौज. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या टिपायला सुरुवात केली. या टिपणांतून निघालेली गोष्ट सामान्य समजुतीच्या उलटी होती. डसलेल्या जागेच्या कळांनी नुसता तळमळणारा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, त्याच्या हृदयावर संकट असतं. विषामुळे शरीरातली अॅड्रिनलिनसारखी रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरतं. धोक्याची ही आगाऊ लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

निदान झालं, उतारा मात्र नव्हता. पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच आले, आणि मला वाटतं हाच या कहाणीतला सगळ्यात मोठा निर्णय. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरून पाहिलं. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्याचे निष्कर्ष त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

उपचार कोणत्याही आरोग्य केंद्रात जमावा असा होता. गोळी तोंडाने, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. ते पाहायला यंत्र कशाला, डॉक्टरचा हात पुरे! पथ्य एकच, पण कडक: रुग्णाला आडवंच ठेवायचं. रडणाऱ्या लेकराला आई साहजिकच उचलून कडेवर घेते. पण उभं धरलं की या औषधाने रक्तदाब झपकन उतरू शकतो. आणि नुसत्या कळा असतील तर प्राझोसिन द्यायचंच नाही.

विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर आपली गोळीच श्रेष्ठ असा हट्ट त्यांनी धरला नाही. उलट ७० रुग्णांवर दोन्ही उपचार ताडून पाहिले. लस आणि प्राझोसिन एकत्र दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. हे २०११च्या ‘बीएमजे’मध्ये आलं. पद्मश्री मिळायला २०२२ उजाडलं.

लस रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करते. पण उशीर झाला तर हृदयावर सुरू झालेला मारा तिला परतवता येत नाही. दुर्गम वाडीवरून झोळीत घालून आणलेल्या रुग्णाचे तास वाटेतच गेलेले असतात. त्याच्यासाठी प्राझोसिनची गोळी आजही लागते.