ओढ्यांतील कीटकनाशक प्रदूषण

ओढ्यांतील कीटकनाशक प्रदूषण म्हणजे शेतीत वापरलेली कीटकनाशके, तणनाशके व बुरशीनाशके लहान वाहत्या प्रवाहांत मिसळणे आणि त्यामुळे तेथील जीवसृष्टीला बाधा पोहोचणे होय. शेताला लागून वाहणाऱ्या ओढ्यात पाणी थोडे असल्याने रसायन फारसे विरल होत नाही. त्यामुळे मोठ्या नदीच्या तुलनेत तेथील विषारीपणा अधिक तीव्र असू शकतो. मात्र तो बहुधा काही तास ते काही दिवसच टिकतो. म्हणून या प्रदूषणाच्या अभ्यासात पाण्याचा नमुना कोठे घेतला याइतकेच तो केव्हा घेतला यालाही महत्त्व असते.

पार्श्वभूमी

अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथामुळे हा प्रश्न सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात १९५४ मध्ये जंगलांवर विमानातून डीडीटीची फवारणी झाली. त्यानंतर मिरामिची नदीतील सॅमन माशांची पिल्ले व त्यांचे खाद्य असलेले जलकीटक यांचा नाश झाला, याचे वर्णन या ग्रंथात आहे. डीडीटीच्या तुलनेत आजची अनेक कीटकनाशके लवकर विघटित होतात. परंतु त्यांतील काही अत्यल्प प्रमाणातही जलकीटकांना घातक ठरतात.

प्रदूषणाचे मार्ग

फवारणीनंतर जोराचा पाऊस पडल्यास शेतातील पाणी व माती यांबरोबर रसायने ओढ्यात वाहून येतात. वाऱ्याने उडालेले तुषार, शेताखालील निचरा-नळ आणि फवारणीची साधने धुतलेले पाणी हे इतर मार्ग होत.

अभ्यासपद्धती

ठरावीक तारखांना घेतलेल्या नमुन्यांतून पावसानंतरची प्रदूषणाची लाट निसटण्याची शक्यता असते. त्यामुळे पाण्याची पातळी वाढताच आपोआप नमुना घेणारी यंत्रे ओढ्याकाठी बसवली जातात.

दुसरी पद्धत जैविक आहे. जर्मन संशोधक मथियास लीस व पेटर फॉन डेअर ओहे यांनी २००५ मध्ये 'स्पिअर' हा निर्देशांक मांडला. त्यात ओढ्यातील अपृष्ठवंशीय प्राण्यांचे कीटकनाशकांना बळी पडणाऱ्या व न पडणाऱ्या प्रजाती असे दोन गट केले जातात. विषाची संवेदनशीलता, एका पिढीचा कालावधी, स्थलांतराची क्षमता आणि फवारणीच्या काळात प्राणी पाण्यात असतो की नाही, हे या विभागणीचे निकष आहेत. विषाची लाट ओसरून पाणी पुन्हा शुद्ध झाले, तरी संवेदनशील प्रजातींच्या घटलेल्या संख्येवरून तिचा माग लागतो.

जलचरांवरील परिणाम

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके चेतासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखतात, तर निओनिकोटिनॉइड रसायने चेतापेशींवरील ग्राहींना चिकटतात. कीटकांच्या चेतासंस्थेची घडण पिकावरील किडीत व ओढ्यातील अळीत सारखीच असल्याने दोन्ही बळी पडतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्ले व अळ्या विशेष संवेदनशील असतात. मृत्यू ओढवला नाही तरी खाणे मंदावते, किंवा पकड सुटून प्राणी प्रवाहाबरोबर वाहून जातो.

पाण्यात पडलेला पालापाचोळा कुरतडणारे प्राणी घटल्यास त्याचे विघटन मंदावते आणि कीटकांवर जगणाऱ्या माशांचे अन्न कमी होते. तणनाशकांचा शैवालांवर, तर बुरशीनाशकांचा पाने कुजवणाऱ्या बुरशींवर परिणाम होतो.

जर्मनी, फ्रान्स व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य येथील ओढ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कीटकनाशकांमुळे प्राणिगटांच्या संख्येत ४२ टक्क्यांपर्यंत घट आढळली. युरोपातील परिणाम तर कायद्याने सुरक्षित मानलेल्या प्रमाणातही दिसून आले.

जर्मनीतील पाहणी

लाइप्झिग येथील हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २०१८ व २०१९ मध्ये जर्मनीच्या सखल भागातील लहान ओढ्यांवर १०१ ठिकाणी पाहणी झाली. शेतीप्रदेशातील ८१ टक्के ओढ्यांत कीटकनाशकांचे प्रमाण परवाना देताना ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि ८३ टक्के ओढे कीटकनाशकांसंबंधीच्या परिस्थितिकीय निकषांत बसले नाहीत. संवेदनशील कीटकांच्या घटीस ओढ्याची बिघडलेली रचना किंवा खतांतील पोषकद्रव्ये यांपेक्षा कीटकनाशके अधिक कारणीभूत असल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये मांडण्यात आला. प्रमुख विषारी घटकांसाठी ठरवलेल्या मर्यादा अपुऱ्या असल्याचेही त्यात नमूद आहे. प्रयोगशाळेत सहसा एकेका रसायनाची चाचणी होते. ओढ्यातील प्राण्यांना मात्र अनेक रसायने, उष्णता व अन्नाची स्पर्धा यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

उपाययोजना

युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. जर्मनीत २०२१ पासून जलस्रोतांच्या काठापासून १० मीटरपर्यंत, तर कायम हिरवळ राखल्यास ५ मीटरपर्यंत कीटकनाशकांच्या वापरास मनाई आहे. मात्र जलव्यवस्थापनाच्या दृष्टीने गौण ठरवलेले प्रवाह यातून वगळले आहेत. काठावरील दाट गवताचा पट्टा वाहून येणारी माती व तिला चिकटलेली रसायने अडवतो. जमिनीखालील निचरा-नळांतून येणारे पाणी मात्र त्याला टाळून थेट प्रवाहात मिळते. ओढ्याच्या वरच्या भागात जंगलातून वाहणारा, अदूषित पट्टा शिल्लक असल्यास तेथून येणाऱ्या प्राण्यांमुळे खालच्या भागातील जीवसृष्टी पुन्हा सावरू शकते.