मोटार खाली बसवली की काय होते?

कापसाच्या हंगामात धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव रस्त्यावर शिगोशीग भरलेले ट्रक दिसतात. कापूस हलका, म्हणून ढीग उंच. असा ट्रक वळणावर झुकला की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. याउलट, हौशी मंडळी मोटारीच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवतात. गाडी वळणावर रस्ता धरते म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी गुरुत्वमध्याची उंचीच आहे.

वर्गात एक प्रयोग करू. पाटीवर कापड ताणून बांधा. त्यावर काडेपेटी एकदा उभी, एकदा आडवी ठेवून पाटी हळूहळू तिरपी करा. उभी पेटी कलंडते, आडवी घसरते.

वाहनाचेही तसेच. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की कलंडण्याची मर्यादा मिळते. आम्ही सोयीचे आकडे घेतो. ट्रकचे अंतर व उंची दोन्ही १.८ मीटर; मर्यादा ०.५. मोटारीचे अंतर १.४ व उंची ०.५५ मीटर, मर्यादा १.२७. घर्षणांक ०.७ मानू. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ट्रक ताशी ५६ किलोमीटरलाच कलंडेल. मोटार ६७ला घसरेल, पण कलंडणार नाही.

मग मोटार खाली का बसवायची? वळताना आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून आत गमावलेली पकड बाहेर पुरती भरून निघत नाही. मोटार ३ सेंटिमीटर खाली आणली तर हे भारांतर सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते. फायदा खरा, पण एवढाच.

आता तोटा पाहू. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती २० टक्के ताठ होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगसाठी बनवलेला. नव्या स्प्रिंगची उसळी तो नीट शमवत नाही. शिवाय चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. खड्ड्यात चाक आदळते, क्षणभर रस्ता सोडते, आणि ज्या पकडीसाठी खटाटोप केला तीच जाते. म्हणून स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकमेकांना जुळणारेच हवेत. वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करण्यास १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही आडवे येते.

विद्यार्थ्यांना एक गणित द्या: त्याच ट्रकमध्ये कापसाइतक्याच वजनाच्या लोखंडी सळया भरल्या आणि गुरुत्वमध्य १.२ मीटरवर आला, तर त्याच वळणावर ट्रक आधी कलंडेल की घसरेल?